‘मग तू काय शिकलास?’ हा प्रश्न मी का सोडला

नववी-दहावीच्या मुलांना आपण आत्मवृत्त लिहायला लावतो. कोणाचं? फाटक्या पुस्तकाचं, जुन्या छत्रीचं, शाळेतल्या बाकाचं. पोरं लिहितातही झकास. पण ‘आता स्वतःबद्दल दोन पानं लिही’ म्हटलं की पेन थांबतं. ‘बाई, माझ्या आयुष्यात तसं काही घडलंच नाही.’ आज बोलायचंय ते या वाक्याबद्दल.

जोसेफ कॅम्बेल या अमेरिकी अभ्यासकाचं ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ हे पुस्तक 1949 मध्ये आलं. ठिकठिकाणच्या पुराणकथा ताडून पाहताना त्याला त्यांत एक समान सांगाडा दिसला. नायक घर सोडतो, अनोळखी मुलुखात त्याचा कस लागतो, आणि काहीतरी घेऊन तो परत येतो. गौतम बुद्धांची कथाही त्याने या सांगाड्यात मांडली आहे. त्याचे टप्पे 17. पुढे ख्रिस्तोफर व्होग्लरने पटकथाकारांसाठी ते 12 केले. सिनेमावाल्यांचं हे आवडतं हत्यार, तेव्हा मुलांनाही आवडणारच.

मीही आधी तेच केलं. फळ्यावर मोठं वर्तुळ, त्यावर 12 खुणा, ‘आता तुमचा प्रसंग यात बसवा.’ बसवला की त्यांनी! कुणी धावण्यात पहिला आला, कुणी वक्तृत्वाचा चषक आणला. वर्गभर नुसते विजयच विजय. एकही निबंध दुसऱ्यांदा वाचावासा वाटला नाही.

मग लक्षात आलं की मुलं एक टप्पा हमखास गाळतात. नकाराचा. हाक येते तेव्हा नायक आधी ‘नको’ म्हणतो. आपल्याला हे नवीन नाही. ‘श्यामची आई’मधला श्याम आठवा, पोहायला जायची वेळ आली की लपून बसतो. आई त्याला मारून बाहेर काढते. तो लपला नसता तर ती गोष्ट उरली असती का? नुसतं ‘मी विहिरीत उडी मारली’ एवढंच राहिलं असतं. म्हणून आता मी वर्तुळ काढत नाही. वर्गात एवढंच विचारते: तुम्ही कधी ‘मला नाही जमणार’ म्हणालात, किंवा खोटं कारण सांगितलंत, आणि तरी जावं लागलं?

एका मुलाचं सांगते. नाव-गाव नको. वडील आजारी, म्हणून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून कांदा घेऊन बाजार समितीत जायचं होतं. त्याने घरी सांगितलं, उद्या चाचणी आहे. चाचणी नव्हती. तरी जावं लागलं. लिलावात बोली पुकारली गेली ती दोन-तीन मिनिटांत संपली. हमाली, तोलाई कापून, ट्रॅक्टरचं भाडं देऊन हातात जे उरलं ते त्याने दोनदा मोजलं. हे सगळं त्याने छान लिहिलं होतं. शेवटी मात्र कागद तसाच सोडला होता.

आणि मी काय करावं? लाल पेनाने समासात लिहिलं: ‘मग तू काय शिकलास?’ पोरगं आज्ञाधारक. दुसऱ्या दिवशी दोन ओळी जोडून आणल्या: ‘मला श्रमाचे महत्त्व कळले. मी जिद्दीने मोठा होईन.’ बघा, कांदा मातीमोल गेला होता, आणि मी त्याच्याकडून विजय मागत होते! या आराखड्यातला खरा धोका हाच. ज्याच्या घरात कुणी जिंकलेलं नाही, त्यालाही तो खोटा चषक उचलायला लावतो. मॉरीन मर्डॉक यांनी 1990 मध्ये ‘द हिरोइन्स जर्नी’ लिहून बायकांचा प्रवास या साच्यात मावत नाही असं मांडलं. मला वाटतं, बऱ्याच मुलांचाही मावत नाही.

मी माझी लाल ओळ खोडली आणि त्याला वेगळं विचारलं. ‘घरी परत आलास, तेव्हा कोणती गोष्ट वेगळी दिसली?’ तो गप्प. चार दिवसांनी कागद आला. वडिलांच्या हातात त्याने हिशोबपट्टी दिली. त्यांनी न वाचताच घडी करून उशीखाली सरकवली. पूर्वी बाजारातून आले की ते ओटीवर तासभर कुणाशी बोलत नसत, तेव्हा त्याला त्यांचा राग यायचा. त्या संध्याकाळी तो स्वतःच ओटीवर जाऊन बसला. तिथेच निबंध संपला होता.

नायक परत येताना जे आणतो ते असंही असतं. पैसा नव्हता, बक्षीस नव्हतं, पण बापाच्या गप्प बसण्याचा अर्थ तो घेऊन आला होता. ‘काय शिकलास’ विचारलं की सुविचार मिळतो. ‘काय वेगळं दिसलं’ विचारलं की ओटी दिसते, उशी दिसते.

समोर बरेच शिक्षक बसलेत म्हणून एक सांगते. अशा लिखाणाला गुण कसे द्यायचे हा प्रश्न येतोच. मी भाषेला देते, तपशिलाला देते. दुःखाला देत नाही. नाहीतर पुढच्या वर्षी घरोघरी आजी मरायला लागतात. आणि मुलाला विचारल्याशिवाय मोठ्याने वाचू नका. मला तो निबंध परिपाठात वाचायचा होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘नको बाई. चाचणीचं खोटं बोललो ते घरी अजून माहीत नाही.’