आधारकला

आधारकला : प्राण्यांच्या शरीरातील उपकला ऊतक (पृष्ठभाग व पोकळ्या यांना आच्छादणारे कोशिकांचे थर) आणि त्याखालील संयोजी ऊतक यांच्या सीमेवर असणारा पातळ, कोशिकाविरहित थर. स्नायुकोशिका, मेदकोशिका व तंत्रिकातंतूंना वेढणाऱ्या श्वान कोशिका यांच्याभोवतीही असेच वेष्टन असते. उपकलेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे तिला मिळणारे सर्व पोषण या थरातूनच पार व्हावे लागते. इंग्रज शरीरविज्ञ विल्यम बोमन यांनी १८४० नंतरच्या दशकात वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) अभ्यासात त्याचे वर्णन केले.

संरचना : नेहमीच्या रंजकांनी हा थर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली क्वचितच स्पष्ट दिसतो. त्यातील शर्करायुक्त प्रथिने रंगविणारी रंजनपद्धती किंवा रजतरंजन वापरल्यास तो रेषेसारखा उठून दिसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या रेषेतील पटले वेगळी झाली. कोशिकेलगत फिकट पटल, त्याखाली गडद पटल आणि बहुतेक ठिकाणी त्याहून खाली संयोजी ऊतकाच्या सूक्ष्म तंतूंची जाळी असा क्रम आढळतो. पहिल्या दोन पटलांची एकत्रित जाडी साधारणतः ५० ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जांशावा भाग) असते. मात्र ऊतक रसायनांत न मुरवता अतिशीघ्र गोठवून तयार केलेल्या छेदांत फिकट पटल बहुधा दिसत नाही. ते ऊतक आक्रसल्यामुळे निर्माण होत असावे, असे पुष्कळ संशोधक मानतात. पाठ्यपुस्तकांतील आकृत्या मात्र अजून जुन्याच वर्णनाला धरून आहेत.

आधारकलेचा सांगाडा चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनाचा असतो. हे कोलॅजेन कंडरेतील कोलॅजेनाप्रमाणे दोरखंडासारखे तंतू बनवीत नाही. त्याचे सु. ४०० नॅनोमीटर लांबीचे रेणू एका टोकाशी चार-चार व दुसऱ्या टोकाशी दोन-दोन असे जोडले जाऊन जाळे तयार होते. लॅमिनीन या क्रूसाच्या आकाराच्या प्रथिनाचे दुसरे जाळे कोशिकेच्या बाजूस असते. ते १९७९ मध्ये उंदरांतील एका अर्बुदापासून वेगळे करण्यात आले. निडोजेन व पर्लेकन हे घटक दोन्ही जाळ्यांना सांधतात.

स्थानपरत्वे हा थर फार बदलतो. नेत्रातील भिंगाचे वेष्टन ही शरीरातील सर्वांत जाड आधारकला होय. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत तिचा मागील भाग राखून त्याच्या आधाराने कृत्रिम भिंग बसवितात. वृक्कातील केशिकागुच्छांत केशिकेची व उपकलेची आधारकला एकरूप होऊन ३०० नॅनोमीटरांहून अधिक जाडीची गाळणी बनते. तिच्यातून दररोज सु. १८० लिटर द्रव गाळला जातो व रक्तातील मोठे प्रथिनरेणू मागे राहतात. मधुमेहात ही गाळणी जाड होते, तरी तिच्यातून अल्ब्युमीन निसटू लागते. जाडी वाढूनही गळती वाढते, कारण तिच्या घटकांचे प्रमाण व तीवरील कोशिकांची रचना बिघडलेली असते. चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनाच्या जनुकांतील दोषामुळे आल्पोर्ट विकार होतो. त्यात वृक्काबरोबर श्रवणशक्तीही ऱ्हास पावते.

कुष्ठरोग : विदर्भात या रोगावरील कार्याची मोठी परंपरा आहे, वर्ध्याजवळील दत्तपूर व वरोड्याजवळील आनंदवन ही तिची ठळक केंद्रे होत. रोगाचा जंतू तंत्रिकांतच का शिरतो, याचे एक उत्तर आधारकलेत सापडले. श्वान कोशिकांभोवतीच्या आधारकलेतील लॅमिनिनाच्या एका विशिष्ट शृंखलेला तो चिकटतो, असे १९९७ मध्ये दाखविण्यात आले. त्याच्या कितीतरी आधी मुंबईतील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोगातील तंत्रिकांच्या सूक्ष्म रचनेचा अभ्यास केला होता.

मुखाचा कर्करोग : खानोलकरांच्या संशोधनाचा दुसरा विषय तंबाखू व मुखाचा कर्करोग हा होता. उपकलेतील कोशिका विकृत झाल्या तरी आधारकला अखंड असेपर्यंत त्यांना रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या यांपर्यंत पोहोचता येत नाही. या अवस्थेत तेवढा भाग काढून टाकल्यास रोगी बहुधा बरा होतो. पुढे या कोशिका चौथ्या प्रकारचे कोलॅजेन विघटित करणारी एंझाइमे वापरून थर भेदतात व रोग आक्रमक ठरतो. म्हणून तपासणीसाठी काढलेल्या ऊतकाच्या छेदात तज्ञ प्रथम ही सीमारेषा शोधतात.

राळेगावापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतच्या कापूस व धान पिकविणाऱ्या प्रदेशात सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा चघळण्याची सवय आढळते. सुपारीमुळे होणाऱ्या, तोंड उघडणे कठीण करणाऱ्या विकाराला मुंबईचे स. गो. जोशी यांनी १९५३ मध्ये अधःश्लेष्मल तंतुभवन या अर्थाचे नाव दिले. त्यात आधारकलेखालील संयोजी ऊतकात कोलॅजेन साचून ते कठीण होते व वरील उपकला पातळ पडते. अशा तोंडात कर्करोग उद्‌भवण्याचा धोका वाढतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी घालण्यात आली. खर्रा मात्र पानठेल्यावर गिऱ्हाइकासमोरच घोटून दिला जात असल्याने त्यावर नियंत्रण ठेवणे अवघड जाते. जोशी यांनी वर्णिलेला विकार एकदा पक्का झाला, की सवय सोडूनही साचलेले कोलॅजेन सहसा पूर्णपणे विरत नाही; तोंडाचे व्यायाम, औषधे किंवा शस्त्रक्रिया यांनी काही प्रमाणात तोंड उघडता येते.