तारेवरचा सौदा : दोन यंत्रे आपसात वेग कसा ठरवतात?

दुकानातला संगणक आणि गोदामातला संगणक एका तारेने जोडला की माहिती जाण्याआधी दोन्ही टोकांत एक सौदा होतो. आमच्या बऱ्याच कापड-व्यापारी बांधवांना हे ठाऊक नसते. आम्हालाही नव्हते. ऐन हंगामात बिले निघेनात आणि गिऱ्हाईक ताटकळू लागले, तेव्हा शिकावे लागले.

जुन्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत. येथेही तसेच आहे. पूर्वीच्या १० मेगाबिटच्या यंत्रांत, तार जिवंत आहे एवढेच कळवायला साधारण दर १६ मिलिसेकंदांनी विजेचा एक ठोका जाई. १९९५ च्या आयईईई मानकाने त्या एका ठोक्याच्या जागी ठोक्यांचा झुबका आणला. झुबक्यात ३३ जागा. १७ ठोके ताल धरतात. मधल्या १६ जागी ठोका असला तर 'होय', नसला तर 'नाही'. मला १० जमते, १०० जमते, एकाच वेळी बोलणे-ऐकणे जमते, अशी ही यादी. दोघांच्या यादीत जे सारखे, त्यातले सर्वात वरचे मंजूर. जुन्या यंत्राला मात्र हा झुबका एकच ठोका वाटतो, म्हणून त्याचेही काम अडत नाही.

घोटाळा होतो तो एकाने रुमालाबाहेर हात ठेवला तर. आमच्या कारागिराने स्विचवर '१०० फुल डुप्लेक्स' कायम करून ठेवले होते, संगणक 'ऑटो'वर. झुबका येईना, म्हणून संगणकाने सिग्नलवरून १०० चा वेग ओळखला. पण रस्ता दुतर्फा आहे की एकेरी, हे सिग्नलवरून कळत नाही. अशा वेळी एकेरी, म्हणजे हाफ डुप्लेक्स, धरावा असा नियम आहे. मग स्विच वाटेल तेव्हा बोलणार, संगणक त्याला टक्कर समजून मध्येच थांबणार, आणि स्विचच्या हाती अर्धवट तुकडे येणार!

गंमत अशी की दिवा हिरवाच असतो. एकटे बिल असेल तर ते सुरळीत जाते. गोदामाचा साठा आणि बिले एकदम सुरू झाली की सारे रांगू लागते. आम्ही तार बदलली, नव्या संगणकाचा भावही काढला होता. शेजारच्या दुकानातल्या एका मुलाने स्विच 'ऑटो'वर केला; दोन मिनिटांचे काम, खर्च शून्य.

तांब्याच्या तारेवर १००० मेगाबिटला तर हा सौदा सक्तीचाच आहे. त्याला आठही तारा लागतात, पण बोलणी चारच तारांवर होतात. उरलेल्यांपैकी एखादी तुटली असेल तर १००० कबूल होऊनही जोडणी लागत नाही. काही यंत्रे स्वतःहून १०० वर उतरतात. वेग अचानक १०० दिसला तर आधी तार तपासावी.

दोन्ही टोके 'ऑटो'वर ठेवावीत. साध्या स्वस्त स्विचला सेटिंग नसते, तो नेहमी 'ऑटो'वरच असतो. त्याला जोडलेल्या संगणकावर '१०० फुल' कायम करू नये.