मूठभर सपीठही वेदीवर चालायचं

बायबलमधलं पहिलं अर्पण काइन आणि हाबेल या भावांचं. एकाने शेतातलं पीक आणलं, दुसऱ्याने कळपातली पहिली जन्मलेली पिल्लं. त्या वेळी ना मंदिर होतं, ना याजक. कष्टाने मिळवलेल्यातला वाटा देवापुढे ठेवायचा, एवढीच मूळ कल्पना.

नियम पुढे आले, लेवीय या ग्रंथात. होमार्पणात जनावर पूर्ण जाळत. कातडं तेवढं याजकाला मिळे. अन्नार्पणात सपीठ, तेल आणि धूप. त्यातलं मूठभर वेदीवर जाई, उरलेलं याजकांच्या ताटात. मीठ हवंच, खमीर आणि मध वेदीवर वर्ज्य. उपकारस्तुतीच्या अर्पणाचं मांस मात्र घरचे लोकही खात आणि ते त्याच दिवशी संपवावं लागे. साहजिकच पंगत मोठी होत असणार!

यातली सर्वांत हृद्य तरतूद गरिबांसाठी आहे. काही पापांच्या क्षालनासाठी मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे चालत. तेही जमत नसतील तर थोडं सपीठ पुरे. येशूच्या जन्मानंतर मरिया आणि योसेफ यांनी पाखरांचंच अर्पण केल्याची नोंद लूककृत शुभवर्तमानात आहे.

वेदीवरच्या धुपाचा प्रत्यक्ष पुरावाही आहे: इस्राएलमधल्या तेल अरादच्या प्राचीन मंदिरातल्या एका वेदीवर धुपाचे अवशेष 2020 साली ओळखले गेले.

इसवी सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि तिथले बळी थांबले. पुढे यहुदी उपासनेत प्रार्थनेने ती जागा घेतली. तरी कोकणातले बेने इस्राएल यहुदी आजही एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा अर्पण करतात.