पिकअप आडवाटेला नेण्याआधी

कळवणमध्ये पिकअप म्हणजे कांद्याची गाडी. तिचे मागचे कमानपाटे ओझ्यासाठीच घडवलेले, म्हणून रिकामी गाडी खडकाळ वाटेवर उधळते. पाटे काढण्यापेक्षा पाण्याचे कॅन, अवजारं, स्टेपनी हौद्यात तळाशी, केबिनलगत घट्ट बांधा. टपावर सामान? घाटउतारांवर नकोच. चिखलात टायरची हवा थोडी कमी केली की पकड वाढते. डांबरीवर येताच ती पुन्हा भरायची, हे मात्र हमखास विसरलं जातं.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. हौसेच्या क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्रानं राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं होतं.