बालकावरील अत्याचाराची खबर : शिक्षकाचे व पोलिसांचे कर्तव्य

खेड्यात आईबापांच्या खालोखाल मुलाला रोज जवळून पाहणारी व्यक्ती म्हणजे शिक्षक होय. हसतेखेळते मूल एकाएकी अबोल झाले, घरी जाण्यास कचरू लागले किंवा एखाद्या माणसाच्या वाऱ्यालाही उभे राहीनासे झाले, तर ती गोष्ट पुष्कळदा प्रथम वर्गातच ध्यानी येते. अशा वेळी खबर कोणास द्यावी, आणि पोलिसांनी ती नोंदविली नाही तर त्यांच्यावर कोणती जबाबदारी येते, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. ‘पॉक्सो’ या नावाने तो ओळखला जातो व १८ वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीस लागू होतो. त्याच्या कलम १९ अन्वये, असा अपराध घडल्याचे ज्यास कळले किंवा घडेल अशी ज्यास धास्ती वाटते, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकास अथवा स्थानिक पोलिसांस खबर दिली पाहिजे. मुख्याध्यापकांच्या किंवा केंद्रप्रमुखांच्या कानावर घातले म्हणजे हे कर्तव्य संपत नाही. मुलाची उलटतपासणी घेणे, संशयितास जाब विचारणे किंवा गावकीत तडजोड घडविणे हे शिक्षकाचे काम नव्हे. सद्भावनेने दिलेली खबर पुढे सिद्ध झाली नाही, तरी ती देणारास हेच कलम संरक्षण देते.

पोलिसांवरील बंधनही तितकेच स्पष्ट आहे. आलेल्या खबरीस क्रमांक देऊन ती लिहून घ्यावी, देणारास वाचून दाखवावी, वहीत नोंदवावी आणि २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीस व विशेष न्यायालयास कळवावे, असा नियम आहे. कलम २१ खबर न देणारा व खबर न नोंदविणारा या दोघांस एकाच मापाने मोजते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालील माणसाचा अपराध कळविला नाही, तर एक वर्षापर्यंत कारावास व दंड होतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ अन्वये बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याची खबर न नोंदविणाऱ्या लोकसेवकास सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी व दंड सांगितला आहे.

हे नियम केवळ कागदावरचे नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. कळूनही खबर दिली नाही, असा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने रद्द केलेला त्याच्यावरील खटला सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी पुन्हा उभा केला व खबर न देणे हा गंभीर अपराध असल्याचे बजावले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेतील दोन लहान मुलींच्या प्रकरणी तक्रार नोंदविण्यास विलंब झाल्याच्या आरोपावरून तीन पोलीस निलंबित झाले. शाळेच्या व्यवस्थापनावरही खबर न दिल्याचा गुन्हा दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली.

अहिल्यानगर जिल्ह्यात, पूर्वीच्या अहमदनगरात, एका बाबीकडे विशेष लक्ष हवे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील अनेक कुटुंबे हंगामात ऊसतोडीस जातात. मुले कधी फडावर, कधी आजीआजोबांपाशी, तर कधी वसतिगृहात राहतात. परतलेल्या मुलाकडून परजिल्ह्यातील घटना कळली, तर ‘ती हद्द आमची नव्हे’ हे ठाण्याचे उत्तर कायद्यास मान्य नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये हद्द न पाहता खबर घ्यावी लागते. यालाच ‘झिरो एफ.आय.आर.’ म्हणतात. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. नकार मिळाल्यास तीच हकीकत लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांस पाठवावी. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

पालक ठाण्यात जाण्यास भितात, त्यांना धीर द्यावा. मुलाचा जबाब त्याच्या घरी अथवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने व गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलास रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव प्रसिद्ध करणे हाही गुन्हा आहे; म्हणून शिक्षकांच्या खोलीतही त्याची चर्चा होऊ नये.

तोंडी सांगितलेल्या खबरीचा मागमूस राहत नाही. ‘आमच्याकडे कोणी आलेच नाही,’ असे ठाण्यातून म्हटले गेले, तर जबाबदारी कोणावरच ठरत नाही आणि मूल होते तेथेच राहते. म्हणून मुलाने सांगितलेले त्याच्याच शब्दांत, दिनांक व वेळ घालून लिहावे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. शिक्षकाचे कर्तव्य पार पडल्याचा तोच पुरावा असतो, आणि पोलिसांचे कर्तव्य कोणत्या घटकेपासून सुरू झाले, हेही त्यावरूनच ठरते.