टॅबवर गाणी-कीर्तने ऐकताय? मग प्लेअर पारखून घ्या

ज्या कोनाड्यात पूर्वी टेपरेकॉर्डर आणि कॅसेटचा डबा असायचा, तिथं आता टॅब आला आहे. कोणी कोरोनाच्या काळात पोरांच्या शाळेसाठी घेतला, कोणाच्या गटाने हिशेबासाठी घेतला. पोरांची शाळा सुरू झाली आणि टॅब घरी पडून राहिला. मग आजोबा त्यावर कीर्तन ऐकतात, गोठ्यात भजन लागते, बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रातले व्याख्यान कोणीतरी त्यात भरून आणतो.

चांगली गोष्ट आहे. पण हे सगळे ज्याच्यावर वाजते तो ‘प्लेअर’, म्हणजे गाणी वाजवणारे ॲप, आपण निवडत नाही. जो सापडेल तो टाकतो. बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो, बिल मागतो. इथे मात्र डोळे झाकून बोट दाबतो. खाली सांगितलेले टॅबइतकेच मोबाईललाही लागू आहे.

प्लेअर कुठून घ्यावा?

पहिला नियम असा की ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावे. व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ नावाची फाईल कधीही उघडू नये, मग ती गाण्याच्या ॲपची असो की शासकीय योजनेच्या नावाची. ‘पीएम किसान’च्या नावाने अशा फायली पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार घडले आहेत. ही फाईल टॅबमध्ये बसली की तुमचे एसएमएस वाचते, आणि ओटीपी त्यातच असतो. ज्या टॅबवर गटाचे बँक ॲप आहे किंवा ग्रामपंचायतीचे काम चालते, त्यावर तर गाण्याचे ॲपही विचारल्याशिवाय टाकू नये. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

दुसरा नियम परवानगीचा. ॲप पहिल्यांदा उघडले की ते परवानग्या मागते. गाणी वाजवायला टॅबमधल्या फायली पाहण्याची परवानगी लागते, तेवढी द्यावी. अँड्रॉइड १३ पासून तर ‘संगीत व ध्वनी’ एवढीच वेगळी परवानगी देता येते. प्लेअरने संपर्क यादी, एसएमएस किंवा ठिकाण मागितले तर सरळ ‘नाही’ म्हणा. तरीही हटून बसला तर काढून टाका. गाणे वाजवणाऱ्याला तुमच्या सोयऱ्यांचे नंबर कशाला पाहिजेत?

प्लेअरमध्ये काय असावे?

१) इंटरनेटशिवाय चालावा. वस्तीवर रेंज येते-जाते. कार्डात भरलेली फाईल वाजवायला नेट लागता कामा नये.

२) स्क्रीन बंद असताना वाजत राहावा. बॅटरीचा मोठा वाटा स्क्रीन खाते. प्लेअर मध्येच गप्प होत असेल तर बहुतेक वेळा टॅबची बॅटरी-बचत त्याला बंद करते. सेटिंगमध्ये त्या एका ॲपपुरती ही बचत बंद करावी.

३) फोल्डरप्रमाणे यादी दाखवावी. अनेक प्लेअर गायक, अल्बम अशी वाटणी करतात. आपल्या फायलींना अशी नावे क्वचितच असतात, मग सगळे ‘अनोळखी’ म्हणून एका ढिगात पडते. फोल्डर दिसत असतील तर हरिपाठ वेगळा, दुग्धव्यवसाय वेगळा, पेरू वेगळा राहतो.

४) जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू व्हावे. तीन मिनिटांच्या गाण्याला याची गरज नाही. पण दोन तासांचे कीर्तन किंवा तासाभराचे व्याख्यान मध्येच सोडले तर ही सोय फार उपयोगी पडते.

५) झोपेची वेळ लावता यावी, म्हणजे अर्ध्या तासाने आपोआप बंद. म्हाताऱ्या माणसांना याचा फार उपयोग होतो.

६) जाहिरात नसावी. अभंग रंगात आला असताना मध्येच जुगाराच्या खेळाची जाहिरात ओरडली की घरातल्या सगळ्यांचा रसभंग होतो. पोरगं तिथे बोट लावून काय उघडेल याचाही नेम नाही.

या कसोटीला उतरणारे एक नाव सांगतो, ते म्हणजे व्हीएलसी. फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये हे काम सुरू केले, २००१ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. आज ‘व्हिडिओलॅन’ ही ना-नफा संस्था ते चालवते. पैसे लागत नाहीत, जाहिरात नाही, आणि जवळजवळ प्रत्येक प्रकारची फाईल वाजते. याशिवायही चांगले प्लेअर आहेत. वरच्या सहा गोष्टी तपासा आणि पसंत पडेल तो घ्या.

जुन्या टॅबवर ‘गूगल प्ले म्युझिक’चे चित्र दिसत असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. ती सेवा २०२० च्या अखेरीस बंद झाली. दूर कुठेतरी ठेवलेली गाणी अशी एका दिवसात जाऊ शकतात. स्वतःच्या कार्डात भरलेली फाईल आपली असते. तिचीही एक जादा प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.

जागेचा हिशेब

एमपी३ फाईल १२८ च्या दर्जाची असेल तर मिनिटाला साधारण १ एमबी जागा घेते. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पाचशे तासांच्या आसपास ध्वनिमुद्रण मावते. नुसत्या बोलण्याला ६४ चा दर्जा पुरतो आणि जागा निम्मी लागते. रोज दोन तासांप्रमाणे सात दिवसांच्या सप्ताहाची कीर्तने त्यामुळे चारशे एमबीच्या आसपास बसतात. कार्ड मात्र बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. बनावट कार्डावर ६४ लिहिलेले असते, आत ८ सुद्धा नसतात.

जुने व्याख्यान जपून ऐका

हा मुद्दा माझ्या खात्याचा म्हणून ठासून सांगतो. शेतीच्या प्रत्येक फाईलच्या नावात वर्ष आणि महिना लिहा. गाणे जुने झाले तरी गोडच लागते, औषधाचा सल्ला जुना झाला की घात करतो. डायकोफॉल आणि मेथोमिल या कीटकनाशकांवर केंद्र सरकारने २०२३ च्या आदेशाने बंदी घातली. त्याआधीच्या एखाद्या व्याख्यानात कोळीसाठी डायकोफॉल सांगितलेले असू शकते. ऐकणाऱ्याला काय ठाऊक हे कधीचे आहे? तारीख नसलेली फाईल ऐकून फवारणी करू नका. शंका आली तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारा, फोनला पैसे पडत नाहीत.

गोठ्यात आणि शिवारात

गाण्याने गाय जास्त दूध देते का, असे अनेक जण विचारतात. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये असा प्रयोग जाहीर केला होता. संथ संगीताने दूध सुमारे ३ टक्के वाढल्याचे त्यात आढळले, वेगवान संगीताने फायदा झाला नाही. यावरून खुराक कमी करून ढोलकी लावायची, असा अर्थ कोणी काढू नये. धारेच्या वेळी रोज तोच संथ, हळू आवाज ठेवला तर जनावर शांत उभे राहते, एवढा बोध घ्यावा.

पेरूच्या बागेत पोपट उडवायला कोणी आवाज लावून ठेवतात. एकच आवाज सारखा वाजला की पाखरे त्याला सरावतात. आवाज आणि जागा दोन्ही बदलत राहा.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपला पट्टा उसाचा आहे आणि उसात बिबट्याचा वावर आहे. रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला जाताना दोन्ही कानांत इअरफोन घालून जाणे म्हणजे जिवाशी खेळ. मागून आलेली चाहूल कळत नाही, घरच्यांची हाकही ऐकू येत नाही. उलट मोबाईलच्या उघड्या स्पीकरवर गाणी मोठ्याने लावावीत, हातात बॅटरी आणि काठी असावी, आणि शक्यतो दोघांनी मिळून जावे. माणसाची चाहूल लागली की बिबट्या बहुधा बाजूला होतो. म्हणून प्लेअरवर ‘पुन्हा पुन्हा वाजवा’ ही खूण लावून ठेवा, नाहीतर नेमके बांधावर गाणे संपते. बिबट्या दिसला तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

ग्रामपंचायत आणि देवस्थानांसाठी

टॅब मंदिराच्या अँप्लिफायरला जोडला की घरघर येते अशी तक्रार असते. बहुधा चार्जरमुळे तसे होते. चार्जर काढून, बॅटरीवर टॅब चालवून पाहा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. भोंग्याला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा वाजवता येत नाही, आणि वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. प्लेअरवर सकाळची वेळ लावून ठेवत असाल तर ती सहानंतरचीच ठेवा.

या आठवड्यात एवढे करा. टॅब हातात घ्या, आत किती प्लेअर आहेत ते मोजा, एक ठेवा आणि बाकीचे काढून टाका. ठेवलेल्याच्या परवानग्या तपासा. हे काम घरातल्या शाळकरी पोरीला दहा मिनिटांत जमेल, फक्त तिच्या शेजारी बसून तुम्हीही शिकून घ्या.