मुलांना घेऊन मोठ्या हॉटेलात उतरताना

सुट्टीत मुलाबाळांना वेरूळ-अजिंठा दाखवावे, अशी इच्छा आता आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांत दिसते. पूर्वी अशी मंडळी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आली की नातेवाइकांकडे किंवा स्टेशनजवळच्या लॉजवर उतरत. आज घरात दोघे कमावते असले तर दोन दिवस चांगल्या, प्रशस्त हॉटेलात राहावे असा विचार मनात येतो. पण त्याच्या मागोमाग दुसरा विचार येतो : "हे आपल्याला शोभेल काय? लोक काय म्हणतील?" वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचा भावनेच्या आहारी न जाता विचार केला पाहिजे.

खिशात पैसे होते, पण जागा नव्हती

परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत मुलांच्याच एका प्रवासाची हकीकत सांगितली आहे. १९०१ च्या सुमारास लहानगे भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले सातारहून वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली तेव्हा अंगावर चांगले कपडे होते, जवळ पैसेही होते. जात कळताच गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे द्यावे लागले, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार, असे ठरले. रात्री जवळ जेवणाचा डबा भरलेला होता, पण पिण्याचे पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली.

पुढे १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तेव्हाही कोणी उतरू देईना म्हणून त्यांना पारशी नाव घेऊन पारशी सराईत राहावे लागले, आणि तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. १९३४ साली सुमारे तीस कार्यकर्त्यांसह ते वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले, तेव्हा दौलताबाद किल्ल्यावरील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून केवढा गहजब झाला. पाण्याला स्पर्श करणार नाही या अटीवर, सोबत पहारा घेऊन त्यांना किल्ला पाहावा लागला. हा किल्ला शहरापासून वेरूळच्याच वाटेवर आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. त्या काळी आपल्या माणसाला उतरायला जागा मिळाली नाही ती केवळ गरिबीमुळे नव्हे. म्हणूनच भारतीय संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश करताना जातीवरून मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहावे लागले. १९५५ च्या कायद्याने, ज्याला पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, असा मज्जाव हा गुन्हा ठरविला. हॉटेलचा दरवाजा आपल्यासाठी असा उघडला आहे. त्यातून आत जाताना संकोचून मान खाली घालण्याचे कारण नाही. मात्र नुसते आत गेल्याने आपण मोठे होतो असेही नाही.

प्रशस्त म्हणजे किती?

या शहरात चिकलठाण्याचे रामा इंटरनॅशनल, सिडकोतील ताज समूहाचे विवांता अशी बागबगीचा आणि पोहण्याचा तलाव असलेली हॉटेले आहेत. मध्यम दराचीही पुष्कळ आहेत. परंतु 'डीलक्स', 'सुपीरियर' या शब्दांना ठरलेले माप नाही. खोली किती चौरस फुटांची आणि त्यात न्हाणीघर धरले आहे की नाही, हे फोनवरच विचारावे. पंचतारांकित दर्जासाठी न्हाणीघर सोडून किमान २०० चौरस फुटांची खोली लागते. म्हणजे वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद. त्यात दोघांचा पलंग सुमारे ४० चौरस फूट खातो, मुलासाठी जादा पलंग मागितला तर आणखी १८ ते २० जातात, शिवाय कपाट, टेबल, खुर्च्या. दोन मुले आणि आजी सोबत असतील तर एका मोठ्या नावाच्या खोलीपेक्षा मधले दार असलेल्या दोन साध्या खोल्या अधिक सोयीच्या पडतात.

मुलाचे पैसे कोणत्या वयापासून घेतात, जादा पलंगाचे किती, सकाळचा नाश्ता दरात आहे काय, हेही आधी विचारावे. प्रत्येक हॉटेलचा नियम निराळा असतो. लहान मूल असेल तर गच्चीचा कठडा व खिडकी, तलावाची खोली, तेथे देखरेखीला माणूस असतो काय, रात्री गरम दूध व मऊ भात मिळेल काय, या गोष्टी गुळगुळीत फरशीपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

हिशेब कागदावर करावा

सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. ७,००० रुपयांची खोली करासह ७,३५० ला पडते. ८,००० रुपयांची ९,४४० ला. दरात फरक एक हजाराचा दिसतो, प्रत्यक्षात तो एका रात्रीला २,०९० रुपयांचा होतो. जेवणाच्या बिलात आपणहून 'सेवा शुल्क' लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली ठरविले व दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली ते उचलून धरले. असे शुल्क दिसले तर शांतपणे काढायला सांगावे.

वेळेचाही हिशेब करावा. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर. पहाटे निघालेले कुटुंब संध्याकाळी थकून परत येते. त्या दिवशी तलाव, बाग, नाश्ता यांचे पैसे फुकट जातात. म्हणून दोन रात्री असतील तर अजिंठ्याच्या दिवशी साधी जागा घ्यावी आणि ज्या दिवशी अर्धा दिवस विश्रांती आहे त्याच दिवशी मोठे हॉटेल घ्यावे. एकाच ठिकाणी राहायचे असेल तर निघताना नाश्ता बांधून देण्याची विनंती करावी.

आणि कर्ज काढून, क्रेडिट कार्डावर हप्ते करून ही हौस मुळीच करू नये. मुलांच्या शिक्षणाची ठेव आणि धम्मकार्यासाठी काढून ठेवलेला विसावा भाग यांना हात न लावता उरते त्यातच सहल बसवावी. बसत नसेल तर स्वच्छ, साध्या लॉजवर उतरण्यात कमीपणा नाही.

मूल काय शिकते?

मोठ्या हॉटेलात मूल सगळे बारकाईने पाहते. खोली झाडणारी बाई, सामान उचलणारा पोरगा, संडास-न्हाणीघर धुणारा कामगार हे बहुधा आपल्यासारख्याच घरांतून आलेले असतात. त्यांना "अरे-तुरे" करून हाका मारणारे आई-वडील मुलाला काय शिकवतील? "दादा", "ताई" म्हणावे, खोली सोडताना ती आवरून ठेवावी. या शहराला पाणी येते ते जायकवाडीवरून, आणि कित्येक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. एका घोटभर पाण्यासाठी महाडला १९२७ साली सत्याग्रह करणाऱ्यांच्या नातवंडांनी टब भरभरून पाणी सांडू नये.

कोणी आडनाव पाहून वागणूक बदललीच तर मुलांसमोर आरडाओरडा न करता व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि गरज पडल्यास कायद्याचा आधार घ्यावा. आपण सहन करूनही घेतले नाही आणि तोलही सोडला नाही, हे मुलाला दिसले पाहिजे.

शेवटी हॉटेल हे विश्रांतीपुरते. वेरूळची पहिली बारा लेणी बौद्धांची. त्यांतले दहावे चैत्यगृह. बाकीचे बहुतेक विहार, म्हणजे भिक्खूंची राहण्याची जागा. तेथे मुलांना निजण्याच्या दगडी खोल्या दाखवाव्यात. खोली एका माणसापुरती, पण सगळ्यांनी जमायचे दालन केवढे प्रशस्त! त्यानंतर विद्यापीठाजवळची औरंगाबाद लेणी आणि १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय अवश्य दाखवावे. दौलताबादच्या दारात १९३४ ची हकीकत सांगावी, आणि रात्री त्याच मुलाला आपल्या ऐपतीतल्या चांगल्या अंथरुणावर निवांत झोपू द्यावे. त्या मसूरच्या मुलांना ती झोप मिळाली नव्हती.

जयभीम!